ऑस्टिओपॅथीचे आठ महिने: आराम मिळाला, कारण मात्र पटले नाही

कंबरदुखीसाठी आठ महिन्यांत चौदा वेळा ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हातांनी दाबून, ताणून आणि सांधे हलवून केले जाणारे उपचार घेतले. पूर्वी वीस मिनिटे सलग बसणे कठीण होते, आता तासभर बसता येते आणि सकाळी वाकताना धास्ती वाटत नाही. हा आराम खरा आहे. तो का मिळेल याचे जे कारण पहिल्या भेटीत सांगितले गेले, ते मात्र वाचन केल्यावर टिकले नाही.

मला पालथे झोपवून, दोन्ही बाजू अंगठ्यांनी चाचपून सांगण्यात आले, की उजवीकडचे कमरेचे हाड फिरले आहे आणि ते जागेवर बसवावे लागेल. त्रिकास्थी (पाठीच्या कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) आणि कमरेचे हाड यांमधल्या ज्या सांध्याबद्दल हे बोलणे होते, त्याचे पृष्ठभाग खडबडीत असतात आणि त्याला बांधून ठेवणारे अस्थिबंध शरीरातल्या सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी आहेत. हाडांत धातूचे सूक्ष्म मणी बसवून क्ष-किरणांनी मोजले असता हा सांधा सरासरी सुमारे अडीच अंश फिरतो आणि एक मिलिमीटरहूनही कमी सरकतो, असे आढळले. एवढी हालचाल कातडी, चरबी आणि स्नायूंवरून बोटांना कळेल, हे मला पटत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात याच पद्धतीने उपचारांआधी आणि नंतर मोजणी केली गेली. हाताने केलेल्या चाचण्या सुधारल्या, पण एकाही रुग्णात हाडांची जागा बदलली नव्हती. म्हणजे तपासणाऱ्याला जाणवलेला फरक हाड बसल्याचा नव्हता.

अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी डॉक्टरांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा विचार मांडला आणि १८९२ मध्ये अमेरिकेतील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणजे शरीरातली हाडे बाहेरून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. रचना बिघडली की रक्तप्रवाह अडतो आणि आजार होतो, हे त्यांचे म्हणणे त्या काळी शोधाची एक प्रामाणिक दिशा होती, असे मी मानते. आज तेच गृहीत धरून रुग्णाला समजावणे योग्य नाही.

फ्रान्समध्ये ४०० कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खऱ्या उपचारांची तुलना तिथे नुसत्या हलक्या स्पर्शाशी केली होती. तीन महिन्यांनी दैनंदिन हालचालींत किंचित फायदा दिसला, वेदनेत विशेष फरक नव्हता. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिकाही हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत असे सांगते. कवटीच्या हाडांची लय, म्हणजे त्यांची सूक्ष्म तालबद्ध हालचाल असल्याचे मानून ती, हाताने ओळखण्याचा उपचारही मला सुचवला गेला. दोन तपासणाऱ्यांना तीच लय सारखी जाणवत नाही, हे वाचलेले असल्याने मी नकार दिला.

माझ्या सुधारणेत काळाचा, रोजच्या व्यायामाचा आणि कोणीतरी पाऊण तास लक्षपूर्वक ऐकून घेतल्याचा वाटा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. परंतु "हाड फिरले आहे" या एका वाक्याने मी दोन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही, आणि त्या भीतीने माझी कंबर अधिकच आखडली. अशा उपचारांना जाणाऱ्यांनी हे जरूर विचारावे: "हे तुम्हाला कशावरून कळले?" पायांत वाढता अशक्तपणा, जांघेत बधिरपणा किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर मात्र थेट रुग्णालय गाठावे.

दहाव्या भेटीत मी हे सारे उपचार करणाऱ्या बाईंसमोर मांडले. त्यानंतर त्या हाड बसवण्याविषयी बोलत नाहीत. आधी मी किती चालले आणि काय उचलले, ते विचारतात.