ताजमहाल शांतपणे बघायला गेलो आणि १०,१०० रुपये घालवून आलो

आग्र्याला जाणार असाल तर आधी हे वाचा. लिहायची लाज वाटतेय, पण लिहितोय.

मी, बायको, १२ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांची आई. आईला गर्दी झेपत नाही, आणि ताजचं गेट सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतं म्हणून ४ ला उठून पूर्व दरवाजाच्या पार्किंगला पोचलो. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस आला, "माताजी को लाइन में खडा करोगे क्या? दो घंटे लगेंगे". व्हीआयपी एंट्री आणि गाइड धरून माणशी ९००, चौघांचे ३,६००. आई थंडीने कुडकुडत होती, त्या वेळी कोण हिशोब करत बसणार? क्यूआर स्कॅन केला तर नाव कुठल्यातरी बाईचं, तो म्हणाला घरचंच खातं आहे.

तिकिटं त्याने स्वतःच्याच हातात ठेवली आणि गेटवर मला दिसलं की ती तीनच आहेत आणि प्रत्येकावर ५० छापलंय. तिथेच थांबायला हवं होतं!! मी विचारलंसुद्धा, तर "बाकी टॅक्स है सर, चलिए चलिए" आणि मी चाललो. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही हे नंतर कळलं. मुख्य मकबऱ्यात जायला वरचे २०० वेगळे भरावे लागतात, म्हणजे आमचे सगळे मिळून ७५० झाले असते, त्याने १५० ची तिकिटं काढली. वर जायच्या जिन्यापाशी आम्हाला अडवलं. आईला कबर बघायची होती, ती चपला काढून खाली तशीच उभी राहिली, गाइड तोपर्यंत फोटोवाल्याला हाका मारत होता. पाऊण तासात आम्हाला बाहेर काढून थेट संगमरवराच्या शोरूममध्ये. तिथे मोबाइलचा टॉर्च लावून ताटातून आरपार उजेड दाखवला, मकराण्याचाच, म्हणजे ताजला वापरलेलाच दगड आहे म्हणे. ६,५०० दिले. पॅक केलं ते ताट दुसरंच, घरी येऊन बघतो तर नखाने ओरखडा उठतो, सोपस्टोन आहे तो, संगमरवर नाही, मऊ दगड. ताट घ्यायचंच असेल तर पॅक होताना हातात धरून बघा.

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत म्हणाले तिकिटाचं आतल्या ऑफिसात सांगा, आतले म्हणाले गेटबाहेरचं आमच्याकडे येत नाही, परत चौकीत गेलो तर साहेब जेवायला गेलेले, मग एकाने मलाच झापलं "पढे लिखे होकर पैसे दिए क्यों?" बँक म्हणते व्यवहार तुम्हीच केलाय. ऑनलाइन तक्रार टाकली ती ११ दिवसांनी 'निकाली' दाखवतेय, फोन एकाचाही नाही. निकाली कशी काय झाली, कुणाला विचारून??

तिकीट घरूनच ऑनलाइन काढा, मकबऱ्यासकट २५० वालंच, आणि ते स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. शुक्रवारी ताज बंद असतो. पार्किंगपासून गेटपर्यंत बॅटरीची गाडी मिळते, म्हाताऱ्या माणसांसाठी तीच घ्या, "मैं ले चलता हूँ" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

आई म्हणते जाऊ दे, बाहेरून तर दिसला ना. तिला परत एवढ्या लांब नेणं आता जमेल असं वाटत नाही.