ओलितासाठी लाइन की सौरपंप?

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं, आपल्याच कोळशावर चालणारं. तरी हरभऱ्याला पाणी द्यायला आपण रात्री दोनला बांधावर! शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज (पंप चालवणारी वीज) आळीपाळीने मिळते, आठवडाभर दिवसा, मग रात्री. संध्याकाळी गावंशहरं वीज ओढतात, तेव्हा शेतीचा भार मागे ढकलला जातो. ग्रिडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, तोल त्यानं सांभाळला जातो. वाघाच्या पट्ट्यात जागरण मात्र शेतकऱ्याचं.

लाइनची, म्हणजे ग्रिडवरच्या वीजजोडणीची, जमेची बाजू म्हणजे खर्च. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं. ढग असोत-नसोत, दाब सारखा. पण ऐन हंगामात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळली की पंधरा दिवस गेलेच, आमचे गेलेत.

राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाच्या किमतीचे 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींना 5. अडीच एकरांपर्यंत तीन एचपीचा पंप. पाणी दिवसाच मिळतं. मात्र ढगाळलं की तुषार सिंचनाची नोझल मरगळतात, सकाळ-संध्याकाळ जोर नसतो.

विहिरीला पाणी कमी असेल तर सौर बरा: हळूहळू उपसतो, झरे भरत राहतात. संत्र्याची मोठी बाग, भरपूर पाणी असेल तर मी लाइन सोडणार नाही.