बोअर ८६ चा ८६च

आमच्या वरूडकडे विहिरीवरची मोटर जळून रिवाइंडिंगला दिली, की निघालेली तांब्याची तार काट्यावर मोजून घेतात. ट्रॅक्टरचं इंजिन उघडलं तर जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंगं पोत्यात भरून घरी येतात. हे सगळं आयुष्यभर करत आलेल्या मी, गाडीच्या इंजिनाच्या दोन लाख ऐंशी हजारांच्या कामात निघालेला एक बोल्टसुद्धा मागितला नाही.

गाडी म्हणजे जपानहून आलेली जुनी टोयोटा सेलिका. आधीच्या मालकानं तिचं साधं इंजिन काढून ३एस-जीटीई हे टर्बोवालं बसवलं होतं. दोन लिटर, चार सिलिंडर, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, तीही ८६. ते तेल खायला लागलं, निळा धूर सोडायला लागलं. निळा धूर टर्बोच्या सीलमधूनही येतो, म्हणून आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं असतं. शहरातल्या त्या गॅरेजवाल्यानं गेजला हातही न लावता सांगितलं, "दादा, पूर्ण रिबिल्डच करावं लागेल." मृग बहाराच्या संत्र्याचे पैसे नुकतेच हातात आले होते. मी हो म्हटलं.

अर्धे पैसे रोख, अर्धे यूपीआयनं. पक्कं बिल नाही, व्हॉट्सॲपवर यादी: ०.५० ओव्हरसाइज बोअर (म्हणजे सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा कातायचा), नवे पिस्टन, नवी बेअरिंगं, टर्बोचं नवं कार्ट्रिज (त्याचा आतला फिरणारा भाग). रोज व्हिडिओ यायचे. चकचकीत पिस्टन टेबलावर मांडलेले, मागे गाणं. ते माझ्याच गाडीचे आहेत, हे मीच धरून चाललो.

गाडी देताना म्हणाला, हजार किलोमीटर तीन हजार आरपीएमच्या वर न्यायची नाही. हा सल्ला चुकीचा नव्हे, नव्या इंजिनाला तो देतातच. पण इंजिनावर जोर पडला नाही की खोटही झाकून राहते, हे मला नंतर सुचलं.

सातशे किलोमीटरला, मोर्शीहून परत येताना, आयडलवर ऑइलचा दिवा मिणमिणला. गाडी तशीच रेटली, ही चूक माझी. पाच मिनिटांत खालून ठोकठोक सुरू झाली. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून आणली.

गावातल्या मिस्त्रीकाकांनी पेट्रोलचं टर्बो इंजिन कधी उघडलेलं नव्हतं, पण स्लीव्ह आणि बोअर मोजण्यात हयात गेलेली. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, काढला तर ऑइलच्या जाळीत केशरी सिलिकॉनचे तुकडे अडकलेले. भसाभसा लावलेलं सीलंट सुटून तिथे बसलं होतं आणि पंपाला तेलच ओढता येत नव्हतं. तिसऱ्या सिलिंडरचं बिगएंड बेअरिंग (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथलं) जागेवरून फिरलेलं, क्रँकवर चरे. बाकीच्या बेअरिंगांचाही वरचा थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. ती नवी घातलीच नसावीत, असा संशय आला.

मग काकांनी बोअर गेज लावला. एकदा, दोनदा, चारही सिलिंडरला.

"अरे बाप्पा, बोअर तर केलाच नाही यात. ८६ चा ८६च हाय. ट्रॅक्टरचे पार्ट पोत्यात भरून नेतं ना तू, अन् इथं कावून इसरला?"

०.५० चं काम झालं असतं तर गेजनं ८६.५० दाखवलं असतं. ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर तसा आकडाही असतो. कार्बन खरवडून पाहिला, काही नव्हतं. जुनेच पिस्टन पुसून परत घातलेले.

गॅरेजवाल्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "तुम्ही रगडली असेल." मग ब्लॉक.

आता अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतोय. २०१९ च्या कायद्यानं ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची. गेज लावलेले फोटो, जाळीतलं सिलिकॉन डबीत, यूपीआयच्या नोंदी असं सगळं जमवलंय. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नाही. वकिलांनी आरसी मागितली. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत कुणीच केलेली नाही, ना आधीच्या मालकानं, ना मी. आरसीवर अजून जुन्याच इंजिनाचा नंबर आहे, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवील, असं आमच्या वकिलांनी आत्ताच सांगून ठेवलंय.