डोक्यावरची गाठ: केसतूड, चरबी, अवधाण की आणखी काही?

डोक्यावर गाठ हाताला लागली की बहुतेकजण ती दुखते का ते बघतात आणि दुखत नसेल तर निर्धास्त होतात. हीच गोष्ट मला काळजीची वाटते. दुखणारी गाठ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत पिकते, फुटते किंवा बसते. न दुखता, हाडाला चिकटून, महिन्यागणिक वाढत जाणारी गाठ मात्र डॉक्टरांनी तपासायलाच हवी.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. घाम, तेल आणि हेल्मेट यांनी केसांची मुळं सुजतात आणि केसतूड येतं. ते लाल, गरम, ठणकणारं असतं आणि दोन-तीन दिवसांत उठतं. याउलट, डोक्यावर सर्वाधिक आढळणारी गाठ असते ती केसाच्या मुळाच्या आवरणातून तयार झालेल्या पिशवीची, म्हणजे पिलर सिस्टची. ती गोल, गुळगुळीत, घट्ट असते, कातडीखाली सरकते आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढते. आत चरबी नसते, केराटिनचा पांढरा लगदा असतो. आई किंवा मावशीच्या डोक्यावर अशाच गाठी असतील तर नवल नाही, कारण हा कल घराण्यातून येतो.

केसतुडाला कोमट शेक पुरतो. ताप आला, लाली पसरली किंवा मधुमेह असेल, तर वाट पाहू नये. पिलर सिस्टला शेकाने काहीच होत नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखी: दाबून फोडायचं नाही, सलूनमध्ये तर मुळीच नाही. बिब्बा किंवा चुना-गूळही लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते आणि मूळ गाठ तशीच राहते.

लहान मुलांचं वेगळं सांगावं लागतं, कारण इथे चूक महागात पडते. मुलाच्या डोक्यावर मऊ, दबणारी, पू येणारी सूज आहे आणि तिथले केस ओढले की सहज हातात येतात, तर ते केसतूड समजू नका. तो बुरशीचा खवडा असण्याची शक्यता मोठी. पिकलेल्या केसतुडाला गरज पडली तर डॉक्टर चीर देतात, खवड्याला ती द्यायची नसते. त्याला बुरशीविरोधी गोळ्या किंवा पातळ औषध कित्येक आठवडे पोटातून द्यावं लागतं, नुसत्या मलमाने भागत नाही. उशीर झाला तर त्या जागी कायमचं टक्कल पडू शकतं. आणि बाळाच्या डोक्याच्या मधल्या रेषेवर जन्मापासून गाठ असेल, तर तिला सुई लावू देऊ नका. ती आत कवटीपर्यंत, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते. आधी स्कॅन, मग निर्णय.

चरबीची गाठ मऊ असते, पण कपाळावर ती स्नायूखाली असली की घट्ट लागते. हाडाची गाठ दगडासारखी कठीण आणि अजिबात न हलणारी. तिरुपतीहून मुंडण करून आल्यावर मागच्या बाजूला उंचवटा सापडला म्हणून घाबरणारे असतात. मानेच्या वर, अगदी मधोमध असलेला तो उंचवटा बहुतेकदा कवटीचाच भाग असतो.

कानामागे किंवा मानेच्या वर वाटाण्याएवढ्या गाठी आल्या तर आधी उवा, कोंडा, जखम बघा. ते अवधाण असतं, म्हणजे जवळच्या जखमेने किंवा संसर्गाने सुजलेल्या लसिकाग्रंथी, आणि मूळ कारण गेलं की काही आठवड्यांत उतरतं. सहा आठवडे झाले तरी राहिलं, वाढलं, सोबत ताप किंवा वजन घटणं असेल, तर तपासणी हवी.

मार लागून आलेल्या टेंगळाला कापडात गुंडाळलेला बर्फ पुरतो. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, आकडी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांतलं काहीही दिसलं तर लगेच तातडीच्या विभागात न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांना काही लक्षण नसलं तरी दाखवावं.

आता काढावी की ठेवावी? साधी पिलर सिस्ट त्रास देत नसेल तर ठेवायला हरकत नाही. कंगवा लागतो, हेल्मेट रुततं, वारंवार सुजते, तर काढलेली बरी. जागा बधिर करून छोट्या चिरेतून ती पिशवीसकट काढतात आणि टाके साधारण आठवड्या-दहा दिवसांत निघतात. आवरणाचा तुकडा आत राहिला तर गाठ परत येते. सुजलेली असताना बहुधा आधी सूज उतरू देतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

पण गाठ झपाट्याने वाढतेय, चिघळून रक्त येतंय, हाडाला चिकटलीय, किंवा पूर्वी कुठलाही कर्करोग झाला होता, तर ठेवायची की काढायची हा विचार नंतर. आधी दाखवा, आणि काढली तर तुकडा तपासायला पाठवायला सांगा.

सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, केसपेपर काढून खवडा, केसतूड, चिघळलेली कातडी यांसाठी त्वचारोग ओपीडीत जा. कातडीखालच्या घट्ट गाठीसाठी सर्जरीला. जाण्याआधी गाठीशेजारी मोजपट्टी धरून तारखेसह फोटो काढून ठेवा. ती किती दिवसांत किती वाढली, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.