चित्रकारांच्या नावाने लावलेली कपाटे : औरंगपुऱ्यातील जुन्या कॉमिक्सचे दुकान

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, पाठ्यपुस्तकांच्या दुकानांमागील गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केवळ जुनी कॉमिक्स विकणारे एक लहानसे दुकान आहे. त्याला पाटी नाही. खालच्या झेरॉक्सवाल्याला विचारले की तो जिना दाखवतो. रद्दीतल्या पुस्तकांचे ढीग मराठवाड्यातील बहुतेक शहरांत पाहायला मिळतात, परंतु ढिगातून हाती लागलेला अंक कोणी लिहिला आणि कोणी चितारला, हे सांगणारा माणूस क्वचितच भेटतो. या दुकानाचे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर स्वतःचा संग्रह विक्रीला काढताना त्यांनी कपाटे नायकांच्या नावाने न लावता चित्रकारांच्या नावाने लावली, आणि एवढ्या एका निर्णयामुळे हे दुकान जुन्या कॉमिक्सच्या इतर दुकानांहून वेगळे झाले आहे.

गिऱ्हाइकाने वेताळाचे (इंग्रजीतील ‘फँटम’चे) अंक मागितले की ते शांतपणे विचारतात, “कोणाच्या हातचा वेताळ?” अमेरिकी लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळाची कथा सुरू केली तेव्हा ती रे मूर यांनी चितारली, पुढे विल्सन मॅकॉय आणि १९६१ पासून साय बॅरी यांनी ती सांभाळली. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि १९९० पर्यंत त्याचे सुमारे ८०० अंक काढले. त्यांतून मराठी घराघरांत पोचलेला वेताळ या वेगवेगळ्या हातांचा होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आले असेल. मालक मॅकॉय आणि बॅरी यांचे एकेक पान टेबलावर शेजारी ठेवतात. मॅकॉय यांची रेषा साधी आणि मोकळी, जवळजवळ मुलांच्या चित्रवहीत शोभेल अशी आहे; बॅरी यांच्या पानावर गर्द सावल्या आहेत, चेहऱ्यांना हाडे आहेत आणि जंगलाला खोली आहे. ही दोन पाने एकत्र पाहिल्यावर लहानपणी शंभरदा वाचलेली कथासुद्धा नव्याने वाचावीशी वाटते.

बहादूरच्या अंकांचा कप्पा लहान असला तरी मला तो सर्वांत मोलाचा वाटला. इंद्रजालमधील परदेशी नायकांच्या गर्दीत आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये हा भारतीय नायक उभा केला. दरोडेखोराचा मुलगा, ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मारला गेला त्याच्याच घरी वाढतो आणि मोठा होऊन गावांच्या रक्षणासाठी नागरिकांचे दल उभारतो, ही कल्पना आजही जोरकस वाटते. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांची रंगवलेली मुखपृष्ठेही त्यांचीच असून त्यांवर ‘बी. गोविंद’ अशी सही आढळते. तीच सही शोधत मी त्या कपाटापाशी बराच वेळ उभा होतो.

अमर चित्रकथेच्या विभागात मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी नावे एकापाठोपाठ एक समोर येतात. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली हे सर्वांना ठाऊक असते; परंतु ‘कृष्ण’ साकारणारे राम वाईरकर हेच पुढे ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातील सुपंडीचे चित्रकार झाले, त्यातल्याच शिकारी शंभूला वसंत हळबे यांनी रूप दिले, आणि ‘शिवाजी’ या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची तर चित्रे प्रताप मुळीक यांची आहेत, हे किती जणांना सांगता येईल? याच मुळीकांनी १९८० च्या दशकात हिंदी कॉमिक्समधील नागराज या नायकाचे सुरुवातीचे अंक चितारले. मालकांनी ‘शिवाजी’ आणि नागराज एकाच फळीवर शेजारी ठेवले आहेत, आणि दोन्हींतील आकृत्यांचा बांधा पाहिला की ही जवळीक पटते. आपेगाव आणि पैठण जवळ असल्याने ज्ञानेश्वर व एकनाथ यांच्यावरील अंकांना येथे सतत मागणी असते. ते मिळतीलच अशी खात्री मात्र देता येत नाही.

किमती वाजवी आहेत. अमर चित्रकथेचा साधा अंक ४० ते ६० रुपयांत मिळतो, इंद्रजालचा मराठी अंक अवस्थेप्रमाणे १५० ते ४०० रुपयांपर्यंत जातो. अनेक अंकांवर जालना, परभणी, अंबाजोगाई अशा गावांतील भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांचे शिक्के आहेत, आणि मालक ते दोष मानून किंमत पाडत नाहीत, कारण हे अंक आपल्या भागात कोठे कोठे वाचले गेले याची तेवढीच खूण उरली आहे. ज्यांना केवळ कथा वाचायच्या आहेत त्यांनी बाइंडिंग केलेले गठ्ठे घ्यावेत. कडा कापल्या गेल्याने ते पुष्कळ स्वस्त पडतात.

जतनाच्या बाबतीत मात्र दुकान कमी पडते. इंद्रजालचा कागद हलका होता, असा कागद उष्णतेने लवकर पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि येथील एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालची ही खोली भट्टीसारखी तापते. काही अंकांच्या पिना गंजून पानांवर डाग पडले आहेत, खालच्या फळ्यांवर कसर लागलेली दिसली. पिना काढून सुती दोऱ्याने शिवण घालणे आणि दुर्मीळ अंक तरी आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवणे तातडीचे आहे. जिना अरुंद आणि उभा असल्याने वयस्कर वाचकांना तो चढणे कठीण जाते. दुकान संध्याकाळीच उघडते, त्यामुळे नांदेड-लातूरहून येणाऱ्यांनी मुक्कामाच्या तयारीनेच यावे.

मालकांकडे एक जाड वही आहे. तीत प्रत्येक अंकाचा क्रमांक, लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार असे रकाने त्यांनी आखले आहेत. पहिले तीन बहुतांशी भरलेले आहेत. वहीतल्या इंद्रजालच्या पानांवरील भाषांतरकाराचा रकाना मात्र जवळजवळ कोरा आहे, कारण मी तेथे चाळलेल्या एकाही मराठी अंकावर ते नाव छापलेले नव्हते. वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांना इतकी सहज, बोलती मराठी ज्यांनी दिली, त्यांच्यापैकी कोणी आपल्या नात्यात वा ओळखीत असेल, तर वाचकांनी ते नाव या दुकानात अवश्य कळवावे. मालक ते त्याच दिवशी वहीत लिहून घेतील.