कळलावी की गडांबी कांदा?

सोलापुरात काळ्या मातीच्या बागेत कमी पाण्याचं देशी कंदफूल लावायचं, तर निवड बहुधा या दोघांतच येते. दोन्ही पावसाळ्यात फुलतात, उन्हाळा जमिनीखाली काढतात. दोन्ही विषारी. कळलावी तर जिवावर बेतणारी, म्हणून घरात लहान मूल असेल तर विचार करूनच लावा.

देखणेपणात कळलावीला तोड नाही. पिवळ्या बुडाची लाल पाकळी बघता बघता सगळी लालभडक होते. फुलपाखरं आणि शिंजीर तिच्यावर येतात. वेल पानाच्या टोकानं आधार धरतो. जाड बांबूला त्याचा विळखा बसत नाही, तुराट्या रोवाव्यात.

अडतं ते कंदापाशी. नांगरासारखा वाकडा कंद, डोळा फक्त टोकाला. टोक मोडलं की बाकीचा कंद कितीही भरलेला असो, उगवत नाही. पावसाळा सरला की वर काहीच दिसत नाही, आणि खुरप्याचा एक घाव पुरतो. त्यातून वाचला तरी हस्ताचं पाणी चिकट मातीत साचलं की सडतो. रोहिणीत वीतभर उंच वाफा करून, निम्मा मुरूम मिसळून, कंद दोन इंचांवर आडवा ठेवला तर जमतं. पण ही राखण दरवर्षीची.

गडांबी कांद्याला एवढं जपावं लागत नाही. ओढ्याकाठचं झाड, चिकट माती त्याला चालते. मान मातीच्या वर ठेवायची, दोन कांद्यांत दीड फूट अंतर. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तरी उकरून बघू नका, हलवलेला कांदा रुसतो. गुलाबी पट्ट्यांची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि वासावर मोठे पतंग येतात. मांसल बी मातीवर नुसतं ठेवलं तरी कोंब धरतं.

पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची काळी अळी दोघांवरही पडते. वेलाचा शेंडा खाल्ला की कळलावीचा त्या वर्षीचा बहर बहुतेक गेलाच. गडांबी कांदा पुन्हा पानं काढतो. फवारणी केली तर पतंगही जातील, तेव्हा अळ्या हातमोजे घालून वेचाव्यात.

कळलावीचा मोह सुटत नसेल तर ती मोठ्या कुंडीत लावा, कंद खुरप्यापासून लांब राहतो. जमिनीत मात्र माझा कल गडांबी कांद्याकडे. रोप घ्यायचं ते रोपवाटिकेतून. रानातला कांदा उपटू नये.