जनरेटरचा अलार्म: भोंगा की एसएमएस?

सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, एटीएस कंट्रोलरला (वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू करून पुरवठा त्यावर नेणारं यंत्र) भोंगा जोडू की जीएसएम मॉडेम (बिघाडाचा एसएमएस मोबाइलवर पाठवणारं यंत्र)?

खर्चात भोंगा सरळ जिंकतो: कंट्रोलरच्या रिले आउटपुटवरून (अलार्म आला की चालू होणारा स्विच) दोन वायरी, १२ व्होल्टचा भोंगा, झालं काम. मॉडेमला सिम, रिचार्ज आणि तळघरात रेंज लागते. रिचार्ज संपला की अलार्म मुका, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण भोंगा नुसता ओरडतो. ‘स्टार्ट फेल’ (जनरेटर सुरूच झाला नाही) की ‘बॅटरी लो’ (बॅटरी उतरली), हे पाहायला पॅनेलपर्यंत जावंच लागतं. रात्री कुणी म्यूट दाबलं तर आवाज थांबतो, बिघाड तसाच राहतो. काहीही घ्या, बॅटरी-लोला थोडा डिले द्याच; स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं आणि खोटा अलार्म येतो.

चोवीस तास ऑपरेटर असेल तर भोंगा पुरे. रात्री कुणी नसतं आणि लिफ्ट जनरेटरवर आहे, तिथे मॉडेमच.